पान गरम का येतं? टोनर चिकटवायला लागणारी वीज आणि ती कमी करायचे उपाय

लेझर प्रिंटरमधून नुकतंच निघालेलं पान हाताला गरम लागतं. ती उष्णता म्हणजे छपाईच्या विजेचा मोठा हिस्सा. लेझर, ड्रम, मोटर, इलेक्ट्रॉनिक सर्किट या सगळ्यांना मिळून जेवढी वीज लागते, तिच्या कितीतरी पट वीज एकटा फ्यूजर खातो. फ्यूजर म्हणजे कागदावर नुसती बसलेली टोनरची पावडर वितळवून, दाबून पक्की करणारा भाग. प्रिंटरची वीज वाचवायची तर हिशेब इथूनच सुरू करायला हवा.

आधी एका पानाचं गणित करू. 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो. नेहमीच्या मजकुराच्या पानावर, म्हणजे साधारण पाच टक्के भाग काळा झालेल्या पानावर, टोनर बसतो 40 ते 50 मिलिग्रॅम. म्हणजे कागदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. एवढा टोनर 25 अंशांवरून सव्वाशे अंशांपर्यंत तापवायला दहा ज्यूलसुद्धा लागत नाहीत. पण टोनर कागदावर बसलेला असल्यामुळे कागदही सोबत तापतो. पाच ग्रॅम कागद शंभर अंशांच्या आसपास न्यायला सुमारे 500 ज्यूल लागतात. शिवाय कागदात वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे पाव ग्रॅम. त्यातलं निम्मं जरी वाफ होऊन गेलं तरी आणखी पावणेतीनशे ज्यूल गेले. म्हणजे टोनरच्या वाट्याचे दहा आणि कागद-पाण्याच्या वाट्याचे पावणेआठशे.

हा हिशेब प्रत्यक्षाशी जुळतोही. मिनिटाला 20 पानं काढणारा छोटा प्रिंटर छापताना साडेतीनशे वॅटच्या आसपास घेतो असं धरू. एका पानाला तीन सेकंद, म्हणजे सुमारे 1050 ज्यूल. एका युनिटमध्ये अशी साधारण 3400 पानं निघतात.

यातून दोन गोष्टी लगेच स्पष्ट होतात. एक, 'टोनर सेव्ह' मोडमुळे टोनर वाचतो, वीज जवळपास वाचत नाही, कारण टोनरच्या वाट्याला मुळात शेकडा एक भागच येतो. दोन, पानामागे जाणारी वीज तशी कमीच आहे. बिल वाढतं ते दुसऱ्याच कारणानं, आणि ते कारण म्हणजे वाट पाहणं.

तापलेला रोलर आणि त्याचं नुसतं बसून राहणं

फ्यूजरची जुनी रचना सरळ आहे. ॲल्युमिनियमचा पोकळ रोलर, त्यावर टोनर चिकटू नये म्हणून टेफ्लॉनचा थर, आत लांबलचक हॅलोजन दिवा. खालून सिलिकॉन रबराचा प्रेशर रोलर स्प्रिंगच्या जोरावर दाबलेला. दोन्हींच्या मधे पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा दाबाचा पट्टा तयार होतो आणि कागद त्यातून जातो. सेकंदाला 115-120 मिलिमीटर वेगानं जाणाऱ्या कागदाला या पट्ट्यात मिळतात फक्त 50 मिलिसेकंद. तेवढ्यात टोनरनं मऊ व्हायचं, पसरायचं, कागदाच्या तंतूंमध्ये शिरायचं. म्हणूनच रोलर 160 ते 200 अंशांवर ठेवावा लागतो.

जुन्या मोठ्या यंत्रातला असा रोलर 400 ग्रॅमचा धरला, तर तो नुसता तापवायला 58 हजार ज्यूल जातात. म्हणजे 55 पानांची वीज, एकही पान न छापता. 900 वॅटच्या दिव्याला त्यासाठी मिनिटभर लागतं, प्रेशर रोलर तापेपर्यंत आणखी वेळ. गिऱ्हाईक समोर उभं असताना एवढं कोण थांबणार? मग यंत्र दिवसभर तापलेलं ठेवलं जातं. रोलरमधून हवेत सतत उष्णता जाते आणि तेवढी भरून काढायला दिवा मधूनमधून पेटत राहतो. ही गळती सरासरी 80 वॅट धरली तर आठ तासांत 0.64 युनिट, म्हणजे 2200 पानं छापण्याएवढी वीज नुसत्या तयारीत गेली. दिवसाला शंभर-दीडशे पानं काढणाऱ्या कार्यालयात प्रत्यक्ष छपाईची वीज या आकड्यापुढे किरकोळ ठरते.

इथे एक समज पक्का रुजलेला आहे: यंत्र पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवलेलं बरं. उष्णतेच्या हिशेबात हे चूक आहे. पुन्हा तापवताना रोलरला तेवढीच उष्णता परत द्यावी लागते, जेवढी त्यानं थंड होताना गमावली. थंड होत जाणारा रोलर तापलेल्या रोलरपेक्षा दर मिनिटाला कमी उष्णता गमावतो. त्यामुळे मधला वेळ पाच मिनिटांचा असो की दोन तासांचा, स्लीपमध्ये गेलेलं यंत्र तेवढ्यात कमीच उष्णता खर्च करतं. सुरू होताना मीटरवर 900 वॅटचा आकडा दिसतो म्हणून छातीत धस्स होतं, पण तो मिनिटभरच असतो. बिल वॅटवर येत नाही, वॅट गुणिले वेळ यावर येतं.

स्लीपची खरी किंमत म्हणजे थांबण्याचा वेळ आणि तापण्या-निवण्यानं भागांची थोडी झीज. आणखी एक अपवाद लक्षात ठेवायचा: रंगीत यंत्र मागच्या बटणानं पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की ते रंग जुळवण्याच्या फेऱ्या मारतं. त्यात वीज जाते आणि टोनरही जातो. दिवसभरात बटण बंद करण्यापेक्षा स्लीप लावावी, रात्री मात्र बोर्डावरूनच बंद करावं.

रोलर हलका केला, तेव्हा वाट पाहणं संपलं

अभियंत्यांनी रोलरची भिंत पातळ करून पाहिली, त्यानं तापायचा वेळ कमी झाला. खरी उडी मात्र रोलरच काढून टाकल्यावर पडली. कॅननच्या 'सर्फ' पद्धतीत पॉलिइमाइडची पातळ नळी असते, जाडी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास, वजन जेमतेम दोन ग्रॅम. तिच्या आत सिरॅमिकची चपटी पट्टी, पट्टीवर छापलेला हीटर. उष्णता लागते ती दाबाच्या पट्ट्यात, म्हणून हीटरही नेमका तिथेच. नळी आणि पट्टी मिळून दीड हजार ज्यूलच्या आसपास उष्णतेत तापतात. रोलरच्या 58 हजारांशी ताडून पाहा, चाळीसपट फरक. काही सेकंदांत काम सुरू होत असल्यामुळे छपाई नसताना हीटर बंदच ठेवता येतो. एचपी याला 'इन्स्टंट ऑन' म्हणते. आपल्याकडे घरोघरी आणि कार्यालयांत दिसणारे एलबीपी 2900, लेझरजेट 1020, एम 1005 हे सगळे याच जातीचे. दुरुस्तीवाले त्या नळीला सरसकट 'टेफ्लॉन' म्हणतात.

या हलकेपणाची किंमतही आहे. पातळ नळी आडव्या दिशेनं उष्णता वाहून नेत नाही. अरुंद पाकीट किंवा पोस्टकार्ड मधून गेलं की दोन्ही कडांची उष्णता घ्यायला कागदच नसतो आणि कडा तापत जातात. म्हणून वीस पाकिटं सलग छापताना प्रिंटर मधेच थबकतो. तो बिघडलेला नसतो, कडा निवायची वाट बघत असतो. वेगवान यंत्रांत सिरॅमिकची पट्टी पुरी पडत नाही, तिथे इंडक्शन वापरतात. बाहेर तांब्याची कॉइल, तिच्यात हजारो हर्ट्झचा प्रवाह, आणि उष्णता निर्माण होते थेट नळीसारख्या फिरत्या बेल्टच्या पातळ धातूच्या थरात. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी चालते तेच तत्त्व.

अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमात 2007पासून अशा यंत्रांचं मोजमाप 'टीईसी' या आकड्यानं होतं. हा आकडा म्हणजे ठरावीक कामाच्या एका आठवड्यात लागणारे युनिट: छपाई, तयारीत थांबणं, स्लीप आणि सुट्टीचे दिवस सगळं धरून. यंत्र घेताना माहितीपत्रकातला 'कमाल वॅट' बघण्यापेक्षा हा आकडा बघणं शहाणपणाचं. 1200 वॅटचं इंडक्शन यंत्र 800 वॅटच्या जुन्या रोलरच्या यंत्रापेक्षा आठवड्याला कमी युनिट खाऊ शकतं.

टोनरच लवकर वितळवला तर?

दुसरा रस्ता रसायनाचा. टोनर म्हणजे मुख्यतः प्लास्टिक: स्टायरीन-ॲक्रिलेट किंवा पॉलिएस्टर. त्यात काळा रंग देणारा कार्बन, थोडं मेण, विद्युतभार सांभाळणारं रसायन, आणि कणांवर बाहेरून सिलिकाचा बारीक भुरका. कण पाच ते दहा मायक्रॉनचे. हे प्लास्टिक साधारण 50 ते 65 अंशांवर कडकपणा सोडायला लागतं, पण कागदात मुरण्याइतकं पातळ व्हायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. या दोन तापमानांमधलं अंतर जेवढं कमी, तेवढा फ्यूजर थंड ठेवता येतो.

मग मऊ प्लास्टिकच का वापरत नाहीत? कारण टोनरला कारखान्यापासून दुकानापर्यंत यायचं असतं. मे महिन्यात विदर्भातून जाणाऱ्या बंद गाडीत 60 अंशांच्या घरात तापमान जाऊ शकतं. तिथे टोनरच्या गाठी झाल्या की कार्ट्रिज कामातून गेलं. छापल्यानंतरही धोका असतोच. एकावर एक गरम पानं पडून ट्रेमध्ये चिकटतात, किंवा पारदर्शक पीव्हीसी फोल्डरला अक्षरं चिकटून उलटी उमटतात. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी घातलेलं रसायन टोनरमध्ये शिरून त्यालाही मऊ करतं. सातबारा किंवा मार्कशीटची प्रत ठेवायची असेल तर पीपीचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं फोल्डर घ्यावं.

तोडगा निघाला तो कणाच्या रचनेत. पूर्वी प्लास्टिकची लादी दळून टोनर करत, कण वेडेवाकडे. आता बऱ्याच कंपन्या तो द्रवात वाढवतात, त्यामुळे आतला गाभा मऊ आणि वरचं कवच टणक असा कण घडवता येतो. गोदामात कवच सांभाळतं, फ्यूजरमध्ये गाभा बाहेर येतो. त्यात स्फटिकी पॉलिएस्टर मिसळलं की ते हळूहळू मऊ न होता ठरावीक तापमानाला एकदम वितळतं. फुजी झेरॉक्स कंपनीचा ईए-इको टोनर तिच्याच आधीच्या ईए टोनरपेक्षा सुमारे 20 अंश कमी तापमानावर पक्का होतो. कागद 20 अंश कमी तापवायचा म्हणजे आपल्या हिशेबात पानामागे निदान 130-140 ज्यूल वाचले, शिवाय वाफही कमी. कणातलं मेण वितळून वर येतं आणि टोनरला रोलरपासून सुटं ठेवतं. पूर्वी यासाठी रोलरला सिलिकॉन तेल लावावं लागायचं.

तापमानाला खालची मर्यादा असते तशी वरचीही. कमी पडलं तर टोनर कागदाला धरत नाही, थोडा रोलरवर जातो आणि पुढच्या फेरीत पानावर पुसट दुसरी प्रतिमा उमटते. फार झालं तर तो इतका पातळ होतो की मधोमध तुटतो, अर्धा कागदावर, अर्धा रोलरवर, आणि लक्षण पुन्हा तेच, पुसट प्रतिमा. ओळखायचं कसं? बोटानं घासल्यावर अक्षरं निघत असतील तर उष्णता कमी आहे. अक्षरं घट्ट, चकचकीत, पण प्रतिमा दुहेरी येत असेल तर जास्त.

मुळात टोनरच वितळवायला हवा असंही नाही. झेरोग्राफीचा, म्हणजे कोरड्या पावडरनं प्रत काढण्याच्या पद्धतीचा, जनक चेस्टर कार्लसन. त्यानं 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली झेरोग्राफिक प्रतिमा काढली, तेव्हा त्यानं मेणकागद तापवला होता. पावडर धरून ठेवली ती कागदावरच्या मेणानं. पुढे 1959मध्ये आलेल्या झेरॉक्स 914मध्ये कागद तापवणारा भाग इतका गरम व्हायचा की अडकलेला कागद पेट घ्यायचा. कंपनी सोबत छोटं अग्निशामक द्यायची आणि त्याला नाव दिलं होतं 'स्कॉर्च एलिमिनेटर'. विक्रेत्यांच्या कल्पकतेला दाद द्यायलाच हवी.

तापलेल्या रोलरशिवायचे प्रयत्न थोडक्यात सांगतो. नुसत्या प्रचंड दाबानं टोनर चेपता येतो, पण कागद चकाकतो आणि नखानं अक्षरं निघतात. झेनॉन दिव्याच्या झगझगाटानं चिकटवलं तर उष्णता काळ्या टोनरमध्येच शोषली जाते, पांढरा कागद फारसा तापत नाही. आपल्या गणिताच्या दृष्टीनं ही कल्पना सर्वांत हुशार. पण रंगीत टोनर तो प्रकाश नीट शोषत नाही, त्यात वेगळं रसायन घालावं लागतं, आणि यंत्र महाग पडतं. म्हणून ही पद्धत मोठ्या, वेगवान छपाईपुरतीच राहिली. एप्सननं तर पाटीच बदलली: 2026पर्यंत जगभर लेझर प्रिंटरची विक्री थांबवून इंकजेटवर जायचं, असं कंपनीनं 2022मध्ये जाहीर केलं. पीझोच्या, म्हणजे वीज दिली की आकार बदलणाऱ्या पदार्थाच्या, धक्क्यानं शाई उडवणाऱ्या इंकजेटमध्ये फ्यूजरच नसतो.

असलेल्या प्रिंटरवर काय करता येतं

ड्रायव्हरमधला, म्हणजे संगणकातल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधला, कागदाचा प्रकार सर्वांत आधी बघा. 'प्लेन', 'लाइट', 'हेवी', 'कार्डस्टॉक', 'रफ' ही नुसती नावं नाहीत. त्यांवरून फ्यूजरचं तापमान आणि कागदाचा वेग ठरतो. कधीतरी जाड कागदासाठी 'हेवी' केलं आणि तसंच राहिलं, हे सर्रास दिसतं. मग साधं पानही जास्त तापतं, गुंडाळी होऊन बाहेर येतं, नळी लवकर झिजते. पान वाकडं येत असेल तर 'लाइट' करून बघा, काही ड्रायव्हरमध्ये 'लेस पेपर कर्ल' असाही पर्याय असतो. बदलल्यावर कसोटी घ्या: गडद भागावरून पान दुमडा, घडीवर बोट फिरवा, उलगडून कापसानं पुसा. घडीची रेघ पांढरी पडून टोनरचे पापुद्रे निघाले तर एक पायरी वर जा.

80ऐवजी 70 जीएसएमचा कागद घेतला की तापवायचं वजन आठव्या हिश्श्यानं घटतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कागदाच्या ओलीचाही विचार करावा लागतो. उघड्या रिममधला कागद हवेतलं पाणी पितो, आणि एक दशांश ग्रॅम जादा पाण्याची वाफ व्हायला सव्वादोनशे ज्यूल लागतात. ती वाफ कागद वाकवते, चिकटू पाहणाऱ्या टोनरखालून निसटते आणि अक्षरं कच्ची राहतात. लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घाला, बाकी रिम प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

दोन पानं एका बाजूवर छापली तर फ्यूजरमधून कागद एकदाच जातो, पानामागची वीज सरळ निम्मी. पाठपोट छपाईत तो दोनदा जातो, त्यामुळे प्रिंटरच्या विजेत मोठी बचत नाही. कागद वाचतो, आणि कागद बनवायला लागणारी ऊर्जा छपाईच्या कितीतरी पट असते, म्हणून ती करायचीच. सुटी सुटी पानं दिवसभर काढण्यापेक्षा एकदम काढली तर थंड प्रेशर रोलर पुन्हा पुन्हा तापवावा लागत नाही.

रिफिलबद्दल सावध राहा. नव्या, कमी तापमानाच्या यंत्रात स्वस्त, चढ्या तापमानाला वितळणारी पावडर भरली तर अक्षरं निघतात. मग दुकानदार 'हेवी' लावून देतो, आणि यंत्रानं वाचवलेली वीज पावडरनं परत घेतली.

कमी दाबाची वीज हे ग्रामीण भागातल्या सेवा केंद्रांचं नेहमीचं दुखणं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर ठरते: 230ऐवजी 170 व्होल्ट आले तर उरते 55 टक्के. प्रिंटर पुन्हा पुन्हा थांबतो किंवा एरर देतो. एचपीच्या बऱ्याच यंत्रांत 50.1, 50.2 असे आकडे दिसतात, अर्थ हाच की फ्यूजर तापला नाही किंवा वेळेत तापला नाही. फ्यूजर बदलण्याआधी मीटरनं व्होल्टेज मोजा. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर मात्र लावू नका, हीटर सुरू होताच यूपीएस ओव्हरलोड होतो.

टेफ्लॉन बदलताना आत उष्णतारोधक फ्लोरिनयुक्त ग्रीसच लावायला हवं. साधं पांढरं ग्रीस थोड्या दिवसांत सुकतं, नळी अडखळते, मोटरवर भार येतो आणि नळी फाटते. तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरवर टोनरची पुटं चढली की तो खरं तापमान कमी सांगतो आणि हीटर गरजेपेक्षा जास्त तापतो. स्प्रिंग एका बाजूची सैल असेल तर पानाची तीच बाजू कच्ची राहते, आणि तापमान वाढवून ती भरून निघत नाही. थर्मल फ्यूज उडाला म्हणून तार जोडून काम भागवणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून यंत्र दूर ठेवा. तो फ्यूज आग रोखायला असतो. उघडण्याआधी प्लग काढून अर्धा तास निवू द्या.

आपल्या यंत्राचा हिशेब काढायला प्लगमध्ये बसणारा युनिट मोजणारा मीटर पुरतो. हीटर चालू-बंद होत राहतो, म्हणून त्या क्षणाचे वॅट बघू नका, युनिट बघा. यंत्र तासभर 'रेडी'त ठेवून आकडा घ्या, मग तासभर स्लीपमध्ये ठेवून, मग सलग 50 पानं छापून. रेडी आणि स्लीपमध्ये दोन-चार वॅटचाच फरक आला तर तुमचा फ्यूजर नळीवाला आहे, स्लीपच्या वेळेवर डोकं खपवू नका, कागदाच्या सेटिंगकडे वळा. फरक पन्नास वॅटच्या वर गेला तर स्लीपची वेळ पाच मिनिटांवर आणा आणि महिनाभरानं बिल बघा.